जाळीतला काळोख

१

सकाळचं माझं ठरलेलं असतं. मालकांना चहा द्यायचा, कप हातात नीट बसला का बघायचं, धोंडीला न्हाऊ घालायचं, आणि काजळाच्या डबीत करंगळी बुडवून तिच्या डाव्या गालावर तीट लावायची. मग खिडकीखालचं टेबल पुसायचं आणि चित्रावरचं फडकं काढायचं.

तीट मी कधी चुकवलेली नाही. धोंडीच्या आधीची माझी दोन गेली. एक पाळण्यात गेलं, एक रांगता रांगता. म्हणून हिचं नाव धोंडुबाई ठेवलं. दगडधोंड्याला कोण उचलून नेतंय, असं सासूबाई म्हणाल्या होत्या. शेजारणी हसतात, एवढी गोरीगोमटी पोर आन् नाव काय तर धोंडी! हसू देत. हसण्यानं पोर जात नाही.

आमचे मालक म्हणजे आकाराम पेंटर. दुकानांच्या पाट्या, कॅलेंडरं, नाटकांचे पडदे, सगळ्या पेठेत त्यांचा हात ओळखू यायचा. पाट्यांवर भागेना तसे ते शिरोलीला एका फौंड्रीत जाऊ लागले, आणि तिथं एका दुपारी तापल्या लोखंडाचा रस उडाला. एक डोळा गेलाच. दुसऱ्यानं उजेड कुठं आणि काळोख कुठं, एवढंच कळतं.

त्याच्या आधी त्यांनी एक चित्र धरलं होतं. पुण्यात मुलांचे खेळ तयार करून विकणारी मंडळी आहेत, सोंगट्या-फाशांचे, पुठ्ठ्याच्या डब्यातले. त्यांच्या नव्या खेळाच्या झाकणासाठी हे चित्र. खेळ असा, की घराच्या माडीपासून दारापर्यंत घरं आखलेली. पांढरी सोंगटी म्हणजे पोर. काळी सोंगटी तिच्या मागची, तिला नुसतं 'मागला' म्हणायचं. फाशावर एक पडला की मागला एक घर पुढं सरकतो. एका घरात दोन सोंगट्या बसत नाहीत. पोर दाराबाहेर पडली की सुटली. पुणेवाल्यांनी बजावलं होतं, झाकणावर पोर काढा, मागला काढू नका. नुसता काळोख काढा. तो कुठं आहे ते पोरांनी शोधत बसावं.

चित्रातला जिना आमच्याच घरातला. आमच्या भाड्याच्या जागेत पुढं एक खोली, मागं स्वयंपाकघर, आणि दोन्हींच्या मधे वर जाणारा लाकडी जिना. वर आमचं काही नाही. घरमालकीण आक्का तिथं गुळाचे रिकामे डबे ठेवतात आणि खोलीला कुलूप असतं. जिन्याला खिडकी नाही. भर दुपारी खालच्या काही पायऱ्या दिसतात, पुढं नुसता गुळाचा वास.

पोरही आमचीच. धोंडीला तिसऱ्या पायरीवर बसवून, हातात राजगिऱ्याचा लाडू देऊन त्यांनी तिला काढली. लाडवाच्या जागी कंदील केला. गालावरची तीटसुद्धा जिथली तिथं काढली. डोळे होते तोवर त्यांनी शेवटचं जे बघून काढलं ते हे.

"एवढं छापून येऊ दे," ते म्हणायचे. "मग माझं डोळं काय करायचंत?"

उरलेला काळोख माझ्या वाट्याला आला. सातवीपर्यंतच शिकले मी, पण लग्न झाल्यापासून त्यांच्या चित्रांतला मागचा देखावा मीच रंगवत आले होते. ते सांगणार, मी करणार.

२

चित्राचा ब्लॉक, म्हणजे छापायचा जस्ताचा पत्रा, लक्ष्मीपुरीत मीरासाबभाईंकडे व्हायचा. कपाटाएवढा कॅमेरा, ॲसिडचा वास, आणि ओल्या जस्ताचे पत्रे भिंतीला टेकवून ठेवलेले. मालकांचे जुने दोस्त ते. पहिलं प्रूफ काढलं ते त्यांनीच कपाळाला हात लावून माझ्यापुढं धरलं. सगळी काजळी. एक पोर आणि एक कंदील, बाकी तवा.

"वहिनी, छापखान्याच्या शाईला करडं कळत न्हाय," त्यांनी समजावलं. "तिला काळंच ठावं. म्हणून चित्राचा फोटो बारीक जाळीतनं काढायचा. चाळणीतनं पीठ गाळतासा तसं. चित्राचं ठिपकं व्हत्यात. काळोख तिथं ठिपकं मोठं, उजेड तिथं बारीक. तुमी एवढं काळं केलासा की ठिपकं एकमेकाला चिकटलं. मग काय, डांबर!"

तेच प्रूफ पुण्याला गेलं आणि कार्डावर दोन सूचना होऊन परत आलं. काळोखात काहीतरी दिसलं पाहिजे. आणि मुलीच्या गालावरचा डाग साफ करावा, गिऱ्हाईकाला ती छपाईची घाण वाटेल.

मी कार्ड वाचून दाखवलं तसे मालक हसले. "डाग? अगं तीट हाय ती. पुण्यात पोरांस्नी तीट लावत न्हाईत व्हय?"

"मग तसं कळवूया की."

"त्यात कळवायचं काय? काढून टाक. गालाच्या रंगाचा एक थेंब."

"मी न्हाई पुसणार."

"धोंडीच्या आई, कागदावरची पोर ती. कागदाला कुणाची नजर लागतीया?"

"तुम्हाला काय जातंय म्हणायला?"

"मला?" त्यांनी आपले डोळे माझ्याकडे वळवले. "मला काय जायाचं राह्यलंय आता?"

छपाईच्या चित्रात पडलेले बारीकसारीक काळे ठिपके रंगानं झाकून घ्यायचे असतात, ते काम माझ्या सवयीचं. त्या सवयीच्या हातानंच मी ब्रशचं टोक गालावर टेकवलं. तीट झाकली. चित्रातली पोर एकदम उघडी पडल्यासारखी दिसली.

मग काळोख घेतला. "पाण्यात दूध घाल, दुधात पाणी नको," मालक खुर्चीतून सांगत होते. पांढरा रंग इतका पातळ करायचा, की काळ्यावरनं फिरवला तर ओला असताना दिसूच नये. वाळल्यावर पायरीची कड दिसते. एकेक पायरी अशी उघडत मी वर गेले. अगदी वरची पायरी उघडली तेव्हा ब्रशचे केस उगाच फाकले, दुसरं काही झालं नाही.

दुपारी धोंडी झोपून उठली तर गालावर तीट नव्हती. घामानं गेली असेल म्हटलं. पुन्हा लावली.

३

"वहिनी, मागला झकास बसवलासा," मीरासाबभाई म्हणाले.

नवं प्रूफ त्यांनी दोरीवर चिमट्यानं टांगलं होतं. मी अजून ते बघितलंही नव्हतं.

"कोण मागला?"

"त्यो काय. पर पुणेवाल्यांनी त्याला काढू नका म्हटलं हुतं न्हवं? बघा बाई, मागनं माझ्या नावानं शंख नको."

मी बघितलं. पायऱ्या छान उघडल्या होत्या. पोर, कंदील, कठडा. आणि अगदी वरच्या पायरीवर कोणीतरी बसलेलं. दोन गुडघे, गुडघ्यांवर दोन हात. त्याच्या वर काही नाही, तिथं काळोख सुरू होत होता. देवळाबाहेर चपला राखायला बसतात तसं ते बसलं होतं, निवांत.

मी पुढं होऊन डोळा लावला. नुसते ठिपके. मोठे, बारीक, मोठे. मागं सरकले की गुडघे. पुढं गेले की ठिपके.

"मी न्हाई काढलं हे, भाई."

"मग मी काढलं? मला साधा आंबा काढाय येत न्हाय." ते हसले, मग माझ्या तोंडाकडं बघून हसायचे थांबले. मूळ चित्र कपाटातनं काढलं, भिंग दिलं. वरच्या पायरीवर माझा पातळ पांढरा हात, आणि खाली माझाच आधीचा काळा. दुसरं काही नाही. भाईंनी स्वतः भिंग फिरवलं, मग काच सदऱ्याला पुसून परत फिरवलं.

"जाळी कधी कधी अशी नक्षी धरती," ते म्हणाले. पण चित्राबरोबर प्रूफ देताना त्यांनी ते घडी करून, वर जुना कागद गुंडाळून दिलं. एरवी ते तसं देत नाहीत.

घरी मालकांना सांगितलं. "ठिपक्यांत काय बी दिसतंय," ते म्हणाले. "वल धरलेल्या भिंतीत लोकांस्नी मारुती दिसतोय. तू काळजी करत बसतीस आन् मग तुला दिसतंय."

खरंही असेल. दोन पोरं घालवलेल्या बाईला कुठं काय दिसेल याचा नेम नाही. मी तेच धरून बसले.

४

धोंडीची जागा तिसरी पायरी. लाडू मिळाल्यापासून तिला ती आवडली होती. मी टेबलाशी काम करत असले की ती तिथं बसून चिंध्यांची बाहुली झोपवायची. त्या दिवशी मान वर करून बघितलं तर ती मागं रेलून बसली होती.

पायरीची कड पाठीत रुतते, म्हणून ती कधी रेलत नसे. आता मऊ गादीला टेकावं तशी टेकली होती. आणि हातातल्या भाकरीचा तुकडा मोडून खांद्यावरनं मागं देत होती.

"धोंडे, कुणाला गं?"

"मागल्याला."

मी ब्रश खाली ठेवला. पण घरात आम्ही दिवसभर दुसरं बोलत होतो काय? मागला असा, मागला तसा. पोरगं ऐकेल तेच बोलणार. मी उठून बघितलं. तुकडा चौथ्या पायरीवर पडला होता, कुणी खाल्ला-बिल्ला नव्हता. उचलला. तो जरासा कोमट होता. पोरीच्या मुठीतला कोमटपणा असेल.

गालावर तीट नव्हती.

तीट पुसली की कुठंतरी काळं लागतं. झग्याला, हाताला, उशीला. मी तिचे दोन्ही तळहात उलटेपालटे केले, झगा बघितला, बाहुली बघितली. काळं कुठंच नव्हतं. मग मी काजळ जाड लावलं आणि समोर बसून राहिले. मी बघत होते तोवर तीट जागच्या जागी. चूल पेटवायला वळले, फुंकणी ठेवून मान फिरवली, गाल धुतल्यासारखा स्वच्छ.

पोरीला दाराबाहेर ओट्यावर बसवलं. बघते तर परत तिसऱ्या पायरीवर. माहेरी मुरगूडला जावं असं मनात आलं. पण मालकांना कप हातात द्यावा लागतो, त्यांना कुणावर टाकून जाऊ? आणि आईला सांगू काय? कागदावरची तीट पुसली म्हणून?

५

मग मी एक केलं. मालक ओट्यावर पिराजी न्हाव्याकडनं दाढी करून घेत होते तेवढ्यात गडद काळी शाई घेतली आणि चित्रातल्या वरच्या पायऱ्या बुजवून टाकल्या. त्याला बसायला जागाच ठेवली नाही. तसंच ओलं चित्र पदराआड धरून लक्ष्मीपुरीत गेले.

"पुन्यांदा ब्लॉक?" मीरासाबभाई कुरकुरले, पण केला. मी तिथंच थांबले. त्यांनी शाई फिरवली, कागद दाबला, उचलला. कागद माझ्यापुढं ठेवून ते हात धुवायला गेले आणि बराच वेळ हातच धूत राहिले.

वरच्या पायऱ्या मी केल्या तशा डांबर झाल्या होत्या. तिथं कोणी नव्हतं. ते खाली, उघड्या पायऱ्यांवर येऊन बसलं होतं. तेच गुडघे, तेच हात. बसणं तेवढं बदललं होतं. आधी नुसतं बसलं होतं, आता जरा पुढं वाकलं होतं.

घरी आले तेव्हा मालकांनी चित्रावरनं हात फिरवला. जाड शाई बोटांना लागली आणि त्यांना कळलं.

"काळं केलंस?" आवाज चढला नाही, तो खाली गेला. "माझं चित्र तू काळं केलंस?"

"तुमचं चित्र! पोरगी कुणाची हाय?"

"पोरीला काय झालंय? खातीया, पितीया, हसतीया!"

"कुणासंगं हसतीया ते बघा की!"

"मी बघू?" ते म्हणाले. "मी?"

जिन्यात धोंडी बाहुलीला थोपटत होती. एक थोपटणं तिचं, हलकं. त्याच्यामागनं दुसरं, जरा जड. मालकांनी मान तिकडं वळवली. मग म्हणाले, "लाकूड असं आवाज काढतंय. वाळलंय." मी काही विचारलं नव्हतं.

६

घरमालकीण आक्का शेजारच्या दारात लसूण सोलत होत्या.

"आक्का, वरची किल्ली द्या की जरा."

"का गं? गूळ संपला व्हय घरातला? डबं रिकामंच हाईत."

"वर कोण येतंय का बघायचंय."

"वर कोण येणार? घुशी येत्यात. त्यास्नी भाडं लावायचं तेवढं राह्यलंय." पण त्या उठल्या. एका हातात कंदील, एक हात गुडघ्यावर. "दमानं चल बाई, तुझं वय तुझ्यापाशी. माझं गुडघं मोडलं तर तू दळून देणार हाईस व्हय?"

वर काही नव्हतं. डबे एकावर एक, जमिनीवर धूळ, धुळीत घुशीची नक्षी. आक्कांनी एक डबा वाजवून दाखवला. "बघ. झालं समाधान?"

उतरताना त्यांनी कंदील खाली धरला म्हणून पायऱ्या दिसल्या. वर्षानुवर्षं झाडू न लागलेल्या वरच्या पायऱ्या, त्यांवर आमचीच आत्ता उमटलेली पावलं. आणि पावलांच्या मधे प्रत्येक पायरीवर पुसून निघालेला एक रुंद पट्टा. बसून बसून जागा गुळगुळीत होते तसा. अगदी वरच्या पायरीपासून खाली. शेवटचा पट्टा होता ती पायरी मी ओळखली. कालच्या प्रूफातली तीच.

"पोरगी घसरत येत असंल," आक्का म्हणाल्या.

"धोंडी तिसरीच्या वर चढत न्हाई, आक्का. पायऱ्या उंच हाईत तिला."

आक्कांनी पट्ट्याच्या रुंदीकडं बघितलं. नंतर माझ्याकडं. पदर डोक्यावरनं पुढं ओढला आणि बाजूच्या भिंतीला चिकटून, पट्ट्यावर पाय न देता उतरल्या. खाली आल्यावर म्हणाल्या, "पोरीला हितं बसवू नगंस." किल्ली माझ्याच हातात राहिली. ती मागायला त्या परत आल्या नाहीत.

७

त्याच दिवशी मी चित्रावर पाण्याचा बोळा फिरवून माझी काळी शाई जमेल तेवढी उचलली. पायऱ्या पुन्हा उघडल्या. मग काजळाची डबी आणली. रंग नको होता, घरचं काजळच पाहिजे होतं. चित्रातल्या पोरीच्या गालावर करंगळी टेकवली. काजळ धरेना. मी तीट झाकली होती त्या रंगावर ते तेलासारखं फुटून जाई. पुन्हा लावलं, पुन्हा फुटलं.

मीरासाबभाईंपुढं मी हातच जोडले. "भाई, तुमच्या जाळीत ते आलंय. जाळीतच काय ते करा. तिच्या गालावर तीट पाहिजे. पत्र्यावर."

त्यांनी काय, कशाला विचारलं नाही. त्यांच्या लेकीला, लालबीला, ह्या साली मुलगा झाला होता, त्याच्याही गालावर टिक्का असायचा. नवा ब्लॉक केला, पत्रा मांडीवर घेतला, पॉलिशची गुळगुळीत सळई काढली. "ठिपकं घासून चपटं केलं की एकमेकाला चिकटत्यात," ते हळू म्हणाले. "तेवढ्यापुरतं काळं पडतंय. एरवी आम्ही ह्याला बिघाड म्हणतो." सळई इवल्याशा जागेवर घुमत राहिली. तोंडानं ते काहीतरी पुटपुटत होते. मीही पुटपुटत होते. दोघांचं वेगवेगळं.

प्रूफ निघालं. गालावर तीट. पायऱ्या एकापाठोपाठ एक, रिकाम्या. मी प्रूफ लांब धरलं, जवळ धरलं, दारात उजेडाला नेलं. कोणी नव्हतं.

घरी धोंडी गालावर सकाळची तीट घेऊन बाहुलीला भरवत होती. संध्याकाळीही तीट होती. दुसऱ्या दिवशीही. मी मालकांना चित्र कसं आलंय ते पायरी पायरी सांगितलं, आणि ते तोंडावर टॉवेल घेऊन रडले. ब्लॉक पुण्याला गेला. कितीतरी दिवसांनी मी भाकरी भाजताना गाणं म्हटलं.

८

पोस्टमननं पार्सल आणलं तेव्हा दुपार होती. मालकांनी स्वतः सुतळी सोडली. गाठी त्यांना डोळ्यांविना सुटतात. खेळाचा डबा, कोरा करकरीत. त्यांनी झाकणावरनं तळहात फिरवला. "काय गुळगुळीत छापलंय गं! कशी दिसतीया आपली पोर?"

डब्यात चिठ्ठी होती. चित्र पसंत आहे. गालावर डाग पुन्हा राहिला होता, तो आमच्या माणसाने कोरून साफ केला आहे.

मी झाकण बघितलं. गाल स्वच्छ होता.

तिच्या मागची पायरी रिकामी नव्हती. गुडघे पोरीच्या खांद्यांच्या दोन्ही बाजूंना आले होते. एक हात गुडघ्यावर होता. दुसरा गुडघ्यावर नव्हता.

"सांग की," मालक म्हणाले.

"झकास," मी म्हटलं. "झकास दिसतीया." तोंडातनं तेवढंच निघालं. असे किती डबे निघाले असतील, गावोगाव किती घरांत गेले असतील, हे सगळं डोक्यात एकदम आलं.

मालकांनी मान जिन्याकडं वळवली. तिथं त्यांना आकार दिसत नाहीत. काळं आणि उजळ, एवढंच.

"अगं, पोरीच्या मागनं ऊठ की," ते म्हणाले. "किती काळोख केलायस तिच्यावर."

मी त्यांच्या कोपराला लागून उभी होते.

त्यांना ते कळलं. माझा श्वास त्यांच्या कानाशी होता, कळणारच. हातातलं झाकण त्यांनी हळूच टेबलावर ठेवलं, पालथं.

मी धावले. धोंडी तिसऱ्या पायरीवर बसून हसत होती, कुणी तोंड पुसून दिल्यावर पोरं हसतात तशी. सकाळी लावलेली तीट फासली गेली होती. गालापासून कानापर्यंत काळा फराटा. मी माझा अंगठा त्यावर धरून बघितला. फराटा अंगठ्याहून रुंद होता.

उचलून पळावं. पण पळून नेली, तरी जिथं बसवीन तिथं तिच्या मागं जागा राहणारच. ओट्यावर राहील, मुरगूडला राहील. मला त्या खेळाचं एकच आठवलं, एका घरात दोन सोंगट्या बसत नाहीत. मी धोंडीला ओलांडून चौथ्या पायरीवर बसले. तिची पाठ माझ्या गुडघ्यांत घेतली. लाकूड कोमट होतं.

मालक भिंत चाचपत जिन्याच्या तोंडाशी आले.

"कुठं हाईस?"

"हितं. पोरीच्या मागं."

"पोरीच्या मागं तूच हाईस न्हवं?"

"व्हय. मीच."

त्यांचे ओठ हलले. मग म्हणाले, "आन् तुझ्या मागं?"

त्यांनी कोनाड्यात हात घालून काजळाची डबी शोधली, झाकण पाडलं, बोट बुडवलं. दुसऱ्या हातानं माझं तोंड चाचपलं. कपाळ, नाक, गाल. एवढ्या वर्षांत त्यांनी माझं तोंड असं कधी बघितलं नव्हतं. गालावर त्यांनी तीट लावली, अंदाजानं बोट टेकलं म्हणून चांगली बंद्या रुपयाएवढी झाली. "तुझी आई असती हितं तर तिनं लावली असती," म्हणाले. "थांब. पोरीला पाणी आणतो."

भिंतीला धरून ते स्वयंपाकघराकडं गेले. माठाचं झाकण वाजलं. तांब्या बुडाल्याचा आवाज आला. धोंडी माझ्या गुडघ्याला रेलून पेंगायला लागली.

तेव्हा माझ्या गालावर अंगठा टेकला. घाई नव्हती त्याला. गालापासून कानापर्यंत, लहान पोराचं तोंड पुसावं तसा मायेनं फिरला.

मी मागं बघितलं नाही. उठलेही नाही. मी उठले तर ही जागा रिकामी होईल.